बिबट्याला बकरी, शेतकऱ्याला पंचनामा



२०२५ सालच्या डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरले होते. त्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तीन-चार आठवड्यांत शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुतच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसे गेली होती. त्यांत दोन लेकरे. लोक रस्त्यावर बसले तेव्हा बंदूक बाहेर निघाली आणि एक बिबट्या मारला गेला. तो सगळा विषय नागपुरात पोहोचला आणि वनमंत्र्यांनी एक तोडगा सांगितला. चार माणसे मेली तर पंचवीस लाखांप्रमाणे एक कोटी भरपाई द्यावी लागते. त्यापेक्षा एक कोटीच्या बकऱ्याच जंगलात सोडा, म्हणजे बिबटे गावात येणार नाहीत.

हिशेब मांडायला आम्हाला मंत्रालयात जावे लागत नाही. बकरी दहा हजाराला एक धरली तर कोटीत हजार बकऱ्या येतात. सरकारी मोजणीचा २०२२ सालचा अंदाज असा की महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. म्हणजे दोन बिबट्यांत मिळून एक बकरी, तीही एकदाच. पुढच्या आठवड्याचे काय?

आणि बकरी काय चीज आहे हे ज्याने कधी बकरी राखली त्यालाच ठाऊक. ती काही हरीण नव्हे. राखणदाराशिवाय तिला जंगलात सोडली तर दिवस मावळताना ती गावाकडे तोंड करते. ज्या गावची असेल त्या गावची वाट सापडली नाही तर जवळच्या गावची धरते. म्हणजे पुढे सरकारी बकरी आणि मागे बिबट्या अशी वरात आमच्याच गोठ्यापर्यंत येणार. शिवाय जुन्नर-शिरूरकडचे निम्मे बिबटे जंगल बघायलासुद्धा जात नाहीत. ते उसात जन्मतात आणि उसातच वाढतात. जंगलात सोडलेली बकरी त्यांच्यापर्यंत पोचवायला वन खाते एसटी सोडणार आहे काय?

थट्टा पुरे. माणसे मेली आहेत, आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्या बोलण्यामागे एक समजूत आहे, आणि ती खोटी आहे म्हणून धोक्याची आहे. जनावराला माणसाने चारले की ते माणसापासून लांब राहते, अशी ती समजूत. जगात जिथे जिथे हे करून बघितले तिथे तिथे उलटेच घडले. माणसाच्या हातचे, माणसाच्या ताटातले, माणसाच्या उकिरड्यावरचे खायला मिळाले की हिंस्र जनावर माणसाला भ्यायचे सोडते. आपल्याकडचे गावकुत्रेसुद्धा एकदा लग्नाच्या मांडवात पत्रावळी चाटून गेले की पुढच्या मांडवाला बोलावणे लागत नाही. ग्रिझली अस्वल, सिंह आणि बिबट्या यांचेही तसेच आहे. फरक एवढाच की त्यांना हाकलायला काठी पुरत नाही.

अमेरिकेत यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १८७२ साली स्थापन झालेले, जगातले पहिले. आपल्याकडच्या वन खात्याचे साहेब लोक ज्याचे नाव घेताना हात जोडतात ते हेच. तिथल्या हॉटेलांचे खरकटे उघड्यावर टाकले जाई आणि ते खायला अस्वले येत. लोकांना मौज वाटू लागली. मग सरकारनेच खरकटे टाकायच्या जागी पर्यटकांना बसायला लाकडी बाकांच्या रांगा टाकल्या. संध्याकाळी शेकडो माणसे बाकांवर, समोर ग्रिझली अस्वले हॉटेलातले उरलेसुरले खात आहेत, आणि उद्यानाचा कर्मचारी अस्वलाच्या जीवनावर व्याख्यान देतो आहे. शेजारी बंदूकधारी, वेळ पडली तर असावा म्हणून. रस्त्याकडेला काळी अस्वले मोटारींच्या खिडक्यांशी उभी राहून भीक मागत. बाक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद झाले, पण खरकट्याचे ढीग चालूच राहिले.

फळ काय मिळाले? १९३१ ते १९६९ या काळात त्या एका उद्यानात अस्वलांनी दरवर्षी सरासरी ४८ माणसांना जखमी केले. मोडतोडीचे प्रकार वर्षाला शंभरावर. मादी अस्वल पिलांना घेऊन उकिरड्यावर येई, पिले तिथेच शिकत, आणि मोठी झाली की त्यांना कंद खणणे आणि मेलेली रानजनावरे हुडकणे यापेक्षा तंबूतली पेटी फोडणे सोपे वाटे. १९६७ च्या ऑगस्टात ग्लेशियर नावाच्या दुसऱ्या उद्यानात एकाच रात्री, कित्येक मैल अंतरावरच्या दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या अस्वलांनी दोन तरुण मुली मारल्या. त्यातल्या एका ठिकाणच्या विश्रामगृहात पाहुण्यांना अस्वल दिसावे म्हणून रोज रात्री खरकटे टाकत असत.

मग सरकार जागे झाले. सरकार जागे होते तेव्हा काय करते हे आम्हाला माहीत आहे, तिकडेही तेच झाले. जॉन आणि फ्रँक क्रेगहेड हे जुळे भाऊ १९५९ पासून यलोस्टोनच्या अस्वलांचा अभ्यास करत होते, अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून. त्यांनी सांगितले की उकिरडे बंद करा, पण हळूहळू करा. पिढ्यान् पिढ्या ज्यांना तुम्ही खरकट्यावर वाढवले त्यांना एका हंगामात उपाशी टाकाल तर ती तंबूंकडे आणि वस्त्यांकडे येतील. उद्यानाच्या साहेबांना हे पटले नाही. १९७० च्या सुमारास दोन-तीन वर्षांतच उकिरडे बंद झाले. अस्वले तंबूंकडे आली, आणि आली तशी मारली गेली. त्या काही वर्षांत शंभराहून अधिक ग्रिझली गेली, आणि १९७५ साली ग्रिझलीचे नाव धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घालावे लागले. आधी खाऊ घालून बिघडवले, मग बिघडले म्हणून गोळी घातली. दोन्ही वेळा निर्णय एकाच कचेरीत झाला.

आणि माणूस? १९७२ च्या जून महिन्यात अलाबामा राज्यातल्या एका गाईगुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याचा पंचवीस वर्षांचा मुलगा यलोस्टोन बघायला गेला. मित्राबरोबर तंबू ठोकला, नेमून दिलेल्या जागेबाहेर, आणि खाण्याचे सामान उघड्यावर ठेवले. रात्री ग्रिझलीने त्याला मारले. घरच्यांनी सरकारवर दावा लावला. साधा सवाल होता, उकिरडे एकदम बंद केल्याने अस्वले माणसांच्या मुक्कामाकडे वळली आहेत हे तुम्हाला ठाऊक होते, मग तुम्ही लोकांना नीट सांगितले का नाही? १९७५ साली न्यायाधीशांनी सरकारला दोषी धरून सुमारे ८७ हजार डॉलर द्यायला सांगितले. १९७६ साली वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. मुलाचीच चूक, तो चुकीच्या जागी झोपला होता! शेतकऱ्याचा मुलगा अलाबामाचा असो की आंबेगावचा, चुकीच्या जागी तोच असतो. आमच्या बाईला बिबट्याने धरले तर ती अंधारात वावरात गेलीच कशाला, असे विचारणारे इथे कमी आहेत काय?

पण यलोस्टोनची गोष्ट इथे संपली नाही, आणि आम्हाला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांनी पुढे खरे काम केले. अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा लोखंडी कचरापेट्या बसवल्या. अस्वलाला चारणाऱ्या पर्यटकाला दंड, खाण्याचे सामान उघड्यावर ठेवणाऱ्याला दंड. हॉटेलांचा कचरा रोजच्या रोज बाहेर. वर्षाला ४८ जखमींचा आकडा पुढच्या काही दशकांत वर्षाला एकाच्या आसपास आला. अस्वलेही पुढे वाढली. हे लक्षात घ्या, नियम अस्वलावर घातला नाही आणि शेजारच्या शेतकऱ्यावरही घातला नाही. नियम घातला तो हॉटेलवाल्यावर आणि हौशी पाहुण्यावर, म्हणजे ज्याने ताट वाढले होते त्याच्यावर.

कोणी म्हणेल, अमेरिकेची गोष्ट आम्हाला कशाला? घरच्याजवळची सांगतो. सौराष्ट्रातले गीर. आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख, कापूस, भुईमूग, बाजरी-ज्वारी करणारे शेतकरी आणि म्हशी राखणारे मालधारी. तिथे सरकारी 'सिंह दर्शन' चालत असे. रेडकू बांधायचे, सिंह यायचा, पाहुण्यांनी फोटो काढायचे. दिल्लीचे पाहुणे, परदेशचे पाहुणे, सगळ्यांना सिंह हमखास दिसे. वर्षानुवर्षे सिंहाला शिकवले गेले की माणसांचा घोळका जमला म्हणजे जेवण आले.

१९८७ साली हे दर्शन बंद केले. बंद केले ते चांगलेच, पण कधी? नेमका १९८७-८८ चा दुष्काळ पडला तेव्हा. जंगलात पाणी नाही आणि ठरलेले रेडकू बंद. वसंत सबरवाल, रवी चेल्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून १९९४ साली तो छापला. १९७८ ते १९९१ या चौदा वर्षांत गीरच्या सिंहांनी माणसांवर १९३ हल्ले केले, २८ माणसे मेली. दुष्काळाआधी वर्षाला सरासरी सातच्या आसपास हल्ले होत, दुष्काळानंतर ते चाळीसवर गेले. कारण एकच नव्हते, दुष्काळ होता, सिंहांना हद्द अपुरी पडत होती. पण दर्शनासाठी चारणे आणि मग ते तोडणे याचाही हात त्यात असावा असे अभ्यास करणाऱ्यांनी म्हटले आहे. आता ही ओळ नीट वाचा. त्या हल्ल्यांतले शंभरातले ८२ जंगलाच्या बाहेर, लोकांच्या खाजगी जमिनीवर झाले. दर्शन जंगलात, तिकीट खात्याला, फोटो पाहुण्यांना, आणि हल्ला शेतकऱ्याच्या बांधावर!

गीरमध्ये चोरून असे दर्शन घडवणारे पुढेही निघत राहिले. २०१८ साली कोंबडी दाखवून सिंहिणीला जवळ बोलावल्याचे चित्रीकरण फोनवरून देशभर फिरले. ते धंदेवाले आहेत, त्यांना कायदा बघून घेईल. आमचा सवाल वेगळा आहे. कोंबडी दाखवणारा गुन्हेगार असेल तर एक कोटीच्या बकऱ्या हे धोरण कसे?

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. मुंबईच्या पोटात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, शंभर चौरस किलोमीटरच्या थोडे वर. तिन्ही बाजूंनी वस्त्या आणि इमारती. भिंतीलगत कचऱ्याचे ढीग, ढिगांवर कुत्री आणि डुकरे, आणि त्यांच्यावर बिबटे. कोणी हाताने चारले नाही, पण ताट वाढलेलेच होते. २००४ साली, विशेषतः त्या जून महिन्यात, माणसे एकामागून एक मारली गेली, आणि सारी मुंबई हादरली. तोवर खात्याकडे एकच औषध होते. पिंजरा लावा, बिबट्या धरा, गाडीत घाला, दूर नेऊन सोडा.

दूर म्हणजे कुठे? दूर म्हणजे आमच्याकडे. शहरवाल्यांच्या भाषेत ज्याला 'दूर' म्हणतात तिथे कोणीतरी राहत असते, हे त्यांच्या नकाशात नसते. हेच औषध जुन्नरलाही चालले. जुन्नरच्या बागायती पट्ट्यात धरलेले बिबटे जवळपासच्या जंगलांत सोडले गेले, काही तर जळगाव जिल्ह्यातल्या यावलपर्यंत नेले. यावल म्हणजे कापसाचा आणि केळीचा मुलूख, तिथल्या शेतकऱ्याने कोणाचा बिबट्या मागितला नव्हता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या या उद्योगाचे मोजमाप करून २०११ साली मांडले. २००१ च्या फेब्रुवारीत हे मोठ्या प्रमाणावर सुरू होण्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. २९ बिबटे शेजारच्या जंगलांत सोडल्यानंतर ते वर्षाला सतरावर गेले. आधी शंभरातले १८ हल्ले जिवावर बेतत, नंतर ३६. म्हणजे खात्याने पेट्रोल आणि डिझेल खर्चून, कर्मचाऱ्यांना रात्र रात्र जागवून, माणसांवरचे हल्ले चौपट केले.

असे का व्हावे? बिबट्याला स्वतःची हद्द असते. पिंजऱ्यात दोन-चार दिवस, भोवती शेकडो माणसांचा गलका, मग अनोळखी रान. तो तिथे थांबत नाही. घराच्या दिशेने निघतो, वाटेत जी गावे लागतात ती त्याला माहीत नसतात आणि त्या गावांनाही तो माहीत नसतो. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण आणि अडाणी बिबट्या घेतो. उकिरडा जागेवरच आहे, कुत्री जागेवरच आहेत, मग जागा रिकामी कशाला राहील? जत्रेतल्या दुकानाचा गाळा रिकामा झाला की दुसरा दुकानदार लगेच बसतो.

मुंबईत हे २०११ च्या सुमारास बदलले. उद्यानाचे अधिकारी, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून पिंजऱ्याचा सोस सोडला, कचरा उचलायच्या मागे लागले, वस्त्यांतून लोकांशी बोलले, पोलिसांना गर्दी कशी हटवायची ते शिकवले. बिबटे कमी झाले नाहीत. २०१५ च्या मोजणीत उद्यानात आणि आसपास ३५ बिबटे दिसले, २०१८ ला ४७. पण माणसांवरचे हल्ले २००४ च्या तुलनेत एकदम खाली आले. मधूनमधून अजूनही एखादे लेकरू जाते, ते नाकारून चालणार नाही. तरी दिशा कोणती बरोबर ते यात दिसते. हीच अक्कल मुंबईत चालते आणि बांधावर का चालत नाही? मुंबईला कचऱ्याची गाडी, आणि आम्हाला बकरी!

आणि बकरीच पाहायची असेल तर ती गोष्टही मोजलेली आहे. अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, जिथे जंगल नाही आणि ऊस आहे, तिथल्या बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात हे २०१४ साली छापले गेले. त्यांच्या खाण्यात वजनाने शंभरातले ८७ भाग पाळीव प्राणी. त्यात सगळ्यात जास्त कोण? कुत्री, ३९ भाग. बकऱ्या फक्त ११ भाग. त्या भागात बकऱ्या कुत्र्यांच्या सातपट आहेत, तरीही. का? कारण बकरी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रे गावभर मोकळे असते. याचा अर्थ साधा आहे. बिबट्या गावात येतो तो रानात बकरी मिळत नाही म्हणून येत नाही. गावाच्या कडेला कुत्र्यांचे कळप जमतात आणि ते कळप कचऱ्यावर, मटणाच्या दुकानांच्या घाणीवर, पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर जमतात. बंद करायचे ते हे. कोंडलेली बकरी बिबट्याला परवडत नाही, असे बिबट्याच सांगतो आहे, आणि सरकार म्हणते की बकरी मोकळी सोडा.

आम्ही कापूस-ज्वारीवाले. आमच्याकडे ऊस नाही, म्हणून हे जुन्नरचे दुखणे आहे असे समजू नका. पांढरकवडा-राळेगावकडे २०१८ पर्यंत वाघिणीने काय दिवस दाखवले ते यवतमाळच्या भावांना सांगायला नको. पऱ्हाटीत वेचणीला बायका जायला तयार नव्हत्या. तो मामला वेगळा होता, तिला कोणी हाताने चारले नव्हते. पण एका ठिकाणासाठी केलेले धोरण सगळ्या राज्याला लागू होते, आणि धरलेले जनावर सोडायची वेळ येते तेव्हा नकाशावर बोट आमच्यावर पडते. कोरडवाहू, विरळ वस्ती, झुडपी जंगल! साहेबांच्या डोळ्यांना आमचे तालुके रिकामे दिसतात.

आता पैशाचे बोलू. माणूस गेला तर पंचवीस लाख, हे २०२३ पासून आहे, आणि ते मिळते तेव्हा मिळते. पण गाय, बैल, म्हैस गेली तर नियम कसा आहे ठाऊक आहे? बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेला आकडा, या दोहोंत जे कमी असेल ते. पुन्हा वाचा, जे कमी असेल ते. नुकसान शंभर टक्के झाले, मेलेला बैल काही पंचवीस टक्के जिवंत राहत नाही. मग ते पंचवीस टक्के कोणाच्या खात्यावर? ते आमचे. वन्यप्राणी रक्षणाला दर जनावरामागे चौथाई वर्गणी शेतकरी भरतो, पावती नाही, आभार नाहीत, उद्यानाच्या फाटकावरच्या संगमरवरी पाटीवर नाव नाही. त्यातही ४८ तासांत कळवा, पंचनामा होईपर्यंत मढे हलवू नका. पंचनाम्याला यायला साहेबांना गाडी मिळेपर्यंत त्या मढ्यावर कोण कोण येऊन जेवून जाते ते साहेबांना दिसत नाही. बिबट्याला गोठ्याच्या दारात दोन रात्री मढे राखून ठेवायचे, हेही चारणेच झाले की नाही?

दोन बाजूंचे लोक आमच्यावर रागावतील. एक बाजू शहरातल्या प्राणीप्रेमी मंडळींची. त्यांना आम्ही बिबट्याचे वैरी वाटतो. त्यांना एवढेच सांगणे की बिबट्याबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिलो ते आम्ही. अकोल्याच्या उसात बिबट्या आणि माणूस एकाच शिवारात जगतात हे त्या शिवाराने सिद्ध केले, परिसंवादाने नव्हे. दुसरी बाजू आमच्यातलीच आहे. दिसेल तो बिबट्या मारून टाका, असे म्हणणारी. ज्याचे लेकरू गेले त्याने असे म्हटले तर आम्ही त्याच्यापुढे मान खाली घालतो. माणूस मारणारे जनावर नक्की ओळखू आले तर त्याला मारायचा अधिकार १९७२ च्या कायद्यात मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे, आणि तो त्याने तिसरे प्रेत पडायची वाट न बघता वापरलाच पाहिजे. पण सरसकट मारल्याने काम होत नाही. ताट तसेच राहिले तर दुसरा येतो, हे जुन्नरने पाहिले.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत, आणि त्यावर भांडायला वेळ ठेवला आहे.

जंगलात बकऱ्या, कोंबड्या किंवा कोणतेही पाळीव जनावर चारा म्हणून सोडायची कल्पना सरकारने लेखी मागे घ्यावी. नुसते "विचाराधीन नाही" असे उत्तर आम्हाला नको. रानात चितळ, भेकर, ससा वाढवायचा असेल तर गवत आणि पाणवठे राखा, त्याला वेळ लागतो, लागू द्या.

धरलेला बिबट्या किंवा वाघ कोणत्या जंगलात सोडला हे त्या जंगलाच्या भोवतीच्या ग्रामपंचायतींना सोडण्याआधी लेखी कळवले पाहिजे. आज हे आम्हाला कळते ते पहिली बकरी गेल्यावर. आणि शक्यतो सोडूच नये, कारण सोडून काय होते ते वर सांगितले.

तालुक्याच्या गावांचा कचरा आणि मटणाच्या दुकानांची घाण जंगलाच्या कडेला, नाल्यात, घाटात ओतणे बंद झाले पाहिजे. नगरपालिकेची गाडी कुठे रिकामी होते हे सगळ्या गावाला माहीत असते, फक्त नगरपालिकेला माहीत नसते. यात गावाचीही बाजू आहे. मेलेले ढोर पांदणीत ओढून टाकायचे आणि पोल्ट्रीच्या शेडवाल्याने पोत्यात भरलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकायच्या, हे ग्रामसभेने ठराव करून थांबवावे. खड्डा खणायला सरकार लागत नाही. आणि हे हळूहळू पण नेमाने करावे, मध्येच सोडून देऊ नये, कारण अर्धे उपाशी ठेवलेले जनावर काय करते ते यलोस्टोन आणि गीर यांनी दाखवले आहे.

रात्रीच्या पाळीची शेतीची वीज जिथे अजून आहे तिथे दिवसाची करा. रब्बीच्या ज्वारीला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातो तो हौसेने जात नाही. गोठ्याला जाळीचे दार आणि पक्की भिंत करायला पूर्ण खर्च द्या. कर्ज नको. एक कोटीत किती गोठे पक्के होतील हा हिशेब मंत्र्यांनी बकऱ्यांच्या हिशेबाआधी मांडायला हवा होता.

आणि भरपाई पूर्ण बाजारभावाने. "जे कमी असेल ते" ही चार शब्दांची ओळ नियमातून काढून टाका. पंचनामा चोवीस तासांत झाला नाही तर सरपंच आणि दोन शेजाऱ्यांचा पंचनामा ग्राह्य धरा, फोटोसह, म्हणजे मढे वेळेवर पुरता येईल.

बैठकीला येताना ज्यांची बकरी, गोऱ्हा, कालवड, बैल गेल्या दोन वर्षांत बिबट्याने किंवा वाघाने नेला आहे त्यांनी पंचनाम्याची झेरॉक्स आणावी. एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात, जनावर गेले ती तारीख, त्या दिवशीचा बाजारभाव, आणि हातात पडलेली रक्कम व तिची तारीख. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांनी शून्य लिहावे. ज्यांचा पंचनामाच झाला नाही त्यांनी तेवढेच लिहून आणावे. ज्यांना आपल्या गावाजवळचा कचरा टाकायचा अड्डा माहीत आहे त्यांनी त्याची जागा आणि तिथे कोणाच्या गाड्या येतात ते लिहून आणावे. सगळे कागद एकत्र करून जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक यांच्या टेबलावर एकाच दिवशी ठेवायचे आहेत.